रा

ताटलीत भाकरी वाढली की ती उठते,
दाराशी जाऊन उभी राहते.
हात मागे बांधलेले, पुढच्या पाठीला नाक लागणार नाही
इतकं अंतर ठेवून.
पुढं पाठ नसते.
रांगेत ती एकटीच.
मी म्हणते, ये गं, मृण्मयी, तुझीच आहे सगळी.
ती आपला नंबर यायची वाट बघते.

नाव संस्थेनं ठेवलेलं. तिला ते पेलत नाही,
ती स्वतःला मुमी म्हणते
आणि मला मावशी.
तिथं सगळ्याच मावश्या होत्या,
सकाळपाळीच्या, रातपाळीच्या.
संध्याकाळी सहाला ती माझ्याकडं बघते,
आता ही पिशवी उचलून निघेल,
दुसरी कुणी येईल.
सहा वाजतात. साडेसहा.
मी तिथंच मशीनवर, कॉलर उलटवत.

वीस वर्षं गणवेश शिवते मी.
खाकी, निळे, चौकडीचे.
मे महिन्यात घरात पाय ठेवायला जागा नसते.
किती हजार लेकरांच्या बाह्या या हातांखालनं गेल्या.
वय सहा, छाती चोवीस, झोपेतही सांगेन.
दोन वर्षांचं माप कुणी कधी मागितलं नव्हतं.
पहिल्या दिवशी टेप लावला तर ती ताठ झाली,
डोळे मिटले, जीभ बाहेर काढली.
डॉक्टर समजली मला.

रेवणसिद्ध टॉवेलच्या कारखान्यातनं येतो
तेव्हा त्याच्या कानात माग चालूच असतो,
म्हणून मोठ्यानं बोलतो.
ती मशीनखाली जाते.
आता तो दारात चपला काढता काढता
हळू बोलायचा सराव करतो.
एवढा दांडगा माणूस,
दोरीवरच्या लुगड्याशी कुजबुजतो:
मुमी, मी आलो.

चौथ्या दिवशी पाणी आलं, पहाटे साडेतीनला.
गल्लीभर मोटारी, बादल्या, कुणाचा पाइप कुणाच्या दारातनं गेला
त्यावरनं भांडण.
ती उठून बसली. रडली नाही.
रडतच नाही ती. पडली तर आधी इकडंतिकडं बघते,
मग गुडघा स्वतःच पुसते.
आपला पेला घेऊन आली, नळाखाली भरला
आणि उशीखाली ठेवायला गेली.
उशीखाली आधीच होते कडक भाकरीचे दोन तुकडे,
मूठभर शेंगा, एक निळं बटण.
गादी भिजली, मोराची चादर भिजली.
काय बोलणार?
आम्ही तरी दुसरं काय करतो वो,
पिंपं भरून ठेवतो,
उद्याचा भरवसा नाही म्हणून.

शेजारच्या राजमणी काकू उंबऱ्यात विड्या वळतात.
सुपातनं मान वर न काढता तिला हाक मारतात: रा.
त्यांच्या तेलुगूत रा म्हणजे ये.
आमच्या बोलीत रा म्हणजे राहा.
ती दोन्ही दारांमधल्या फरशीवर थांबते,
कुठला धरावा ते कळत नसल्यासारखी.

मंगळवारी संस्थेच्या ताई आल्या, फॉर्म घेऊन.
मूल घरात रमले आहे का? होय. नाही.
मी पेन घेतलं तोवर
ती आतनं आपल्या चपला घेऊन आली.
उजवी डाव्या पायात घातली,
ताईंच्या पिशवीशेजारी जाऊन उभी राहिली.
रडणं नाही, काही नाही.
ताई चहा अर्धा टाकून गेल्या.
चपला तिनं रात्रीही काढू दिल्या नाहीत.
मी त्या तशाच पायांवर चादर घातली.
फॉर्मवर काय लिहिलं ते आता आठवत नाही.

काल बटणं संपली.
सहाचा सुमार. दुकान बंद व्हायच्या आत
आणावीत म्हणून मी पिशवी उचलली,
एक पाय उंबऱ्याबाहेर.
आणि मागनं आवाज आला,
एवढा मोठा की काकूंचा हात सुपात थांबला.

रा!

तोंड लाल, नाक वाहतंय,
दोन्ही मुठी माझ्या निऱ्यांत.
रा. रा. रा.

काकूंनी विचारलं, काय म्हणते वो?
मला सांगता आलं नाही.
पिशवी खिळ्याला परत अडकवली.

दीडशे शर्ट बटणांवाचून पडलेत.
शाळेचा दोनदा फोन येऊन गेला.